वही आपलीही असू द्या

ताई,

मी फासेपारधी समाजातला. वय २४. बारावी झालोय, पिकअप चालवतो, सीझनला घरचे सगळे ऊसतोडीला जातो. गावापासून दीड किलोमीटरवर गायरानात आमची अकरा घरं आहेत. तालुक्यात कुठंही घरफोडी झाली की दुसऱ्या रात्री गाडी आमच्या वस्तीवर. मागच्या महिन्यात दोनदा आले, दोन्ही वेळा रात्री अडीचच्या सुमारास. टॉर्च तोंडावर, दाराला लाथ आणि 'चल, साहेबांनी बोलावलंय'. पहिल्या खेपेला मोठ्या भावाला नेलं. तीन दिवस ठेवून चौथ्या दिवशी सोडलं, केस काही नाही. दुसऱ्या खेपेला पुरुष पळाले, तर आईला आणि आजोबांना गाडीत घातलं. 'पोरगा हजर कर, मग सोडतो' म्हणाले. बायकोचं डोरलं आणि कानातले रिकव्हरी म्हणून घेऊन गेले, पावती नाही. धाकटा भाऊ दहावीला आहे, त्याचाही फोटो काढून नेलाय.

खोटं बोलणार नाही, आमच्या नात्यातल्या एका पोरावर चोरीच्या दोन केसेस आहेत. पण तो आमच्या वस्तीवर राहतही नाही. त्याच्यापायी अकरा घरांनी किती रात्री जागून काढायच्या?

आजोबा ऐंशीच्या पुढं आहेत. गाडीचा आवाज आला की अजून बाहेर येऊन उकिडवे बसतात, हजेरीला बसल्यासारखे. वस्तीत दोन मतं आहेत. जुनी माणसं म्हणतात, गाडी दिसली की रानात पळा. मी म्हणतो, थांबायचं. पण थांबून बोलायचं काय? कायदा कायदा म्हटलं की जास्त मार बसतो, हे आम्ही बघितलंय.

— एक वाचक

भाऊ,

तुमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना मी चूक म्हणणार नाही. पळून गेल्यानं त्यांची पाठ अनेकदा वाचलेली आहे. तरीही मी तुमच्या बाजूची आहे. थांबायचं. वीस-बावीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात उभी आहे आणि एक वाक्य इतक्या फिर्यादींत वाचलंय की झोपेतही म्हणून दाखवेन: 'पोलिसांची चाहूल लागताच इतर इसम अंधाराचा फायदा घेऊन पळून गेले.' हे लिहिलं गेलं की त्या 'इतर इसमां'ची जागा रिकामी राहते. ती महिन्यानं भरता येते, वर्षानं भरता येते, हव्या त्या नावानं भरता येते. पळालेला माणूस फरार ठरतो आणि फरार माणसाला उचलायला मग कुणी कारण विचारत नाही. शिवाय पुरुष पळाले की गाडीत कोण बसतं ते तुम्हीच लिहिलंय.

आता, थांबून बोलायचं काय. तोंडावर कलम फेकलं की मार वाढतो, ही गोष्ट मीही अशिलांच्या पाठीवर बघितलेली आहे. म्हणून रात्री अडीच वाजता वाद घालू नका, हात धरू नका, गाडीला आडवे होऊ नका. त्या वेळी अंगाला इजा होऊ न देणं आणि सगळं नीट ध्यानात ठेवणं एवढंच काम. बाकीचं काम उजाडल्यावर, कागदावर.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त कागद शोधत. भाऊ तीन दिवस ठाण्यात होता, कागद नाही. आई आणि आजोबांना नेलं, कागद नाही. डोरलं गेलं, पावती नाही. धाकट्याचा फोटो नेला, कशासाठी ते कुठं लिहिलेलं नाही. हे विसरून राहिलेलं नाही. यातली एकही गोष्ट कागदावर आली असती तर ती करता आली नसती. म्हणून तुमच्या अकरा घरांनी पहिल्यांदा काय करायचं असेल, तर दुकानातून दोनशे पानी वही आणायची. गाडी आली की त्याच रात्री किंवा सकाळी उठल्याबरोबर त्यात लिहायचं: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती माणसं, वर्दीत किती आणि साध्या कपड्यात किती, कुणाच्या छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, कुणाला नेलं, काय बोलले, काय उचललं, कोण कोण बघत होतं. खाली बघणाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि पानाचा मोबाइलवर फोटो. फोटोला तारीख-वेळ आपोआप लागते, म्हणून तो लगेच दोन-तीन जणांना पाठवून ठेवायचा. एखाद्या वेळी मोबाइलही काढून नेतात.

वहीवर माझा एवढा भर का, ते सांगते. पोलिसांकडे तुमच्या लोकांची वही शंभर वर्षांहून जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यात आला, १९२४ मध्ये आणखी घट्ट झाला. पारध्यांसह कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा, काहींनी तर तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापुरातल्या त्या वस्तीला आजही लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला, म्हणून आपण त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. यादी जमातीची होती ती माणसांची झाली, पण माणसं बहुतेक त्याच जमातींची राहिली. तुमचे आजोबा ऐंशीच्या पुढचे म्हणजे कायदा गेला तेव्हा लहान पोर. आपल्या बापाला उकिडवं बसलेलं त्यांनी पाहिलं असेल. ते अजून तसेच बसतात हे मी वाचलं आणि पत्र बराच वेळ खाली ठेवलं.

तुमच्यावर जे चाललंय ते तुमच्या मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं, तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सांगा. नाशिकजवळच्या २००३ सालच्या एका भयानक दरोडा-खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर १६ वर्षं गेली होती. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. गरीब मजूर, भटक्या जमातीचे लोक, त्यांना खोटं गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं, सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात याच न्यायालयानं बजावलं की केवळ मागास आणि वंचित समाजातला म्हणून कुणाचं नाव यांत्रिकपणे 'हिस्ट्री शीट'मध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हेगारांच्या नोंदीत, चढवायचं नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगातल्या जातीवरून कामं वाटण्याच्या पद्धतीवर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्या, असा आदेश पोलिसांना दिला. हे निकाल वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा. ठाण्यात वाचून दाखवायला नकोत, वकिलाला आणि पत्रकाराला द्यायला लागतील.

आता त्या रात्रीबद्दल. बोलायचं एकानंच, आणि शक्यतो बाईनं किंवा वयस्कर माणसानं. बाकीच्यांनी दिवे लावून दारात, दिसेल असं, हात मोकळे ठेवून उभं राहायचं. आवाज चढवायचा नाही. विचारायचं एवढंच: 'साहेब, कुठल्या ठाण्याचे? कुठल्या गुन्ह्यात बोलावलंय? कागद द्या, सकाळी आम्ही स्वतः हजर होतो.' हे नम्रपणे विचारणं कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. उत्तर नाही मिळालं तरी विचारल्याचं वहीत जातं.

'चौकशीला चल' आणि 'तुला अटक आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा खेळ या दोघींच्या मधल्या धुक्यात चालतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे एखाद्याला माहिती विचारायला ठाण्यात बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. आणि हे नीट वाचा, कारण तुमच्या आई आणि आजोबांसाठी आहे: कोणतीही स्त्री, ६० वर्षांवरचा पुरुष, १५ वर्षांखालचा मुलगा, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना जबाबासाठी त्यांच्या राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. विचारायचं ते घरी येऊन विचारायचं. मुलगा हजर व्हावा म्हणून आईला गाडीत घालणं याला तर कुठलंच कलम नाही. ते ओलीस ठेवणं आहे आणि तक्रारीत हाच शब्द लिहायचा.

संशय तुमच्यावर असेल, तर कलम ३५ ची नोटीस. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आणि साधी चोरी, घरातली चोरी यातच येते, अटक का गरजेची आहे ते पोलिसांना लिहावं लागतं. नाही तर नोटीस देऊन बोलवायचं. नोटीस हातात पडली की ठरल्या तारखेला जायचंच, वकिलासह, आणि गेल्याचं वहीत लिहायचं. सांगितल्याप्रमाणे हजर होत राहणाऱ्याला लेखी कारणाशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर दुर्लक्ष करून बसू नका, वकिलाकडून लेखी उत्तर द्या.

आणि अटकच असेल, तर अटकेचा कागद तिथंच तयार व्हायला हवा. त्यावर तारीख आणि वेळ, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही. अटकेची कारणं लेखी, त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. घरच्यांपैकी एकाला कळवणं बंधनकारक, चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क, आणि बाईला सूर्यास्तानंतर अटक नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी हवी.

अटकेनंतर २४ तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, हे आता बहुतेकांना माहीत असतं. ते चुकवायचा मार्गही जुनाच आहे: सोमवारी रात्री उचलायचं आणि गुरुवारी सकाळी अटक दाखवायची. मधले दिवस कुठल्याच कागदावर नसतात. माझ्या सुरुवातीच्या काळात अशाच एका अशिलाची आई कोर्टात आली होती. अक्षर-ओळख नाही, पायात चप्पल नाही. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतून एक घडी केलेला चिटोरा काढला. मुलाला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं की कोर्टाला तार कर. तिनं केली होती, आणि हा चिटोरा म्हणजे तारेची पावती. त्यावर तार ऑफिसचा गोल शिक्का होता आणि शिक्क्यातली तारीख पोलिसांनी दाखवलेल्या अटकेच्या दोन दिवस आधीची होती. न झालेल्या अटकेची तार कुणी कशाला करेल? न्यायाधीशांनी पावती उलटसुलट पाहिली, तपास अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि पोलीस कोठडी दिली नाही. हळदीच्या डागाची ती पावती आम्ही कागदपत्रांना जोडली.

तार २०१३ मध्ये बंद झाली. तिची जागा आज तीन गोष्टींनी भरायची. माणूस नेला की लगेच ११२ वर फोन करून 'अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, अमुक माणसाला पोलिसांनी नेलं, कागद दिला नाही' एवढं सांगायचं. त्या फोनची वेळेसकट नोंद होते. उजाडल्यावर पोलीस अधीक्षकांना आणि तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना अर्ज पाठवायचा, स्पीड पोस्टनं, पावती जपून, आणि अधीक्षकांना ई-मेलही. आणि एक माणूस कोर्टात. संहितेच्या कलम १०० खाली, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घेऊन त्याला हजर करण्याचं वॉरंट तालुक्याचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही काढू शकतात. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावणाऱ्या अर्जाचा, रस्ता आहेच, पण तिथवर जायचं भाडं आणि वेळ यांचा विचार करता हे कलम वस्तीवरच्या माणसानं माहीत करून घ्यावंच. पूर्वी मला ते वापरताना धाकधूक वाटायची. आता मी पहिल्याच दिवशी अर्ज टाकते. अर्ज दाखल झालाय हे कळलं की माणूस संध्याकाळपर्यंत घरी आल्याचं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

भावाचे ते तीन दिवस अजून हातातून गेलेले नाहीत. डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कोठडी, दार, व्हरांडा सगळीकडे कॅमेरे लावून १८ महिन्यांचं चित्रीकरण ठेवायला सांगितलंय. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं चित्रीकरण जपून ठेवावं आणि आम्हाला मिळावं' असा अर्ज आजच द्या. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

डोरल्याचं सांगते. झडतीत काही उचललं तर त्याची यादी करावी लागते, स्थानिक पंच लागतात, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी आणि त्यावरच्या सह्या या सगळ्याचं चित्रीकरण करावं लागतं. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं दिसत नाही. असं गेलेलं सोनं बऱ्याचदा पुढे कुठल्यातरी गुन्ह्यात 'चोरीचा ऐवज' म्हणून निघतं. एका बाईचं डोरलं मी असंच परत मिळवलं होतं. सोनाराची पावती नव्हती, फक्त लग्नातला एक फोटो होता. त्यात डोरल्याच्या दोन वाट्यांपैकी डावी जरा चेपलेली दिसत होती, कारण डोरलं सासूचं होतं आणि तिच्याकडून ते कधीतरी जात्याच्या पाळीवर आपटलं होतं. मुद्देमालाची पुडी कोर्टात उघडली तर डावी वाटी चेपलेली. म्हणून या रविवारी अकराही घरांतला सोन्याचा प्रत्येक दागिना उजेडात, जवळून, पुढून-मागून फोटो काढून ठेवा. पावत्या असतील तर त्या, नसतील तर लग्नातले फोटो शोधा. बायकोच्या दागिन्यांबद्दल अधीक्षकांकडे लेखी तक्रार लगेच जाऊ द्या, आणि ते कुठल्या गुन्ह्यात दाखवलेत असं कळलं की मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज कोर्टात करता येईल.

धाकट्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं आणि त्याच्याशी बोलायचं ते विशेष बाल पोलीस पथकानं, साध्या कपड्यात. व्यवहारात मात्र असं घडतं की मुलाचं वय १९ लिहिलं जातं आणि वयाचा पुरावा देईपर्यंत तो मोठ्यांच्या तुरुंगात पोचलेला असतो. त्याचा जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड यांच्या प्रती घरात, मुख्याध्यापकांकडे आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ त्यालाही पाठ करू द्या. त्याचा फोटो का काढला, याचा खुलासा मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रानं मागता आला तर फार बरं होईल. दहावीच्या पोरासाठी शाळा बोलतेय म्हटल्यावर ऐकून घेणाऱ्याचा सूर बदलतो.

ठाण्यात गेल्यावर दोन गोष्टी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. जबरदस्तीनं घेतलाच, तर कोर्टात पहिल्याच दिवशी ते सांगायचं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे वस्तीतल्या प्रत्येकाच्या मनावर ठसवा, कारण 'एवढं कबूल कर, सुटशील' यावर विश्वास ठेवून फार जण आत गेलेत.

कोर्टातला एक प्रश्न तुम्ही कधी ऐकला असेल. रिमांडला, म्हणजे कोठडी द्यायची की नाही ते ठरवायला, उभं केलं की न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' आणि आपला माणूस, ज्याला नीट उभंही राहता येत नाही, मान खाली घालून म्हणतो, 'नाही.' मागे तोच हवालदार उभा असतो, परत त्याच्याच गाडीतून जायचं असतं. मी त्या माणसाला दोष देत नाही. पण तो 'नाही' लिहून घेतला जातो आणि पुढे वर्षानुवर्षं आमच्या प्रत्येक तक्रारीपुढे तोच आणून ठेवतात. त्या क्षणी मार लागला असेल तर 'हो' म्हणायचं, कुठं लागलंय ते दाखवायचं, 'पुन्हा वैद्यकीय तपासणी करा' आणि 'न्यायालयीन कोठडी द्या', म्हणजे पोलिसांच्या ताब्यात नको, तुरुंगात ठेवा, म्हणायचं. डॉक्टरांकडे नेतात तेव्हाही पोलिसांना बाहेर थांबायला सांगा अशी विनंती डॉक्टरांना करायची आणि प्रत्येक वळ दाखवायचा. एवढं बोलायला बळ यावं म्हणून शेजारी वकील हवा. तुम्ही अनुसूचित जमातीत येता, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसालाही मिळतो. कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. गाडी यायची वाट बघू नका, याच आठवड्यात जाऊन त्या वकिलाचं नाव आणि नंबर घ्या, वस्तीचं नाव सांगून ठेवा.

अ‍ॅट्रॉसिटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वस्तीत कुणीतरी म्हणेलच. खोट्या केसमध्ये गोवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही तो लागू होतो. तरी माझा सल्ला असा की पहिल्या रागात ती फिर्याद देऊ नका. आधी वहीची चार-सहा पानं, ११२ च्या नोंदी, स्पीड पोस्टच्या पावत्या जमू द्या, जातीचा दाखला नसेल तर तो हातात घ्या, मग वकिलाबरोबर बसून ठरवा. दरम्यान राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, तेव्हा मागच्या महिन्याच्या दोन्ही रात्री त्यात बसतात.

ऊसतोडीला निघाल की पाच-सात पुरुष रात्रीचे एकत्र जाणार. पाच किंवा जास्त जण म्हटले की कायद्यात दरोडा बसतो आणि 'दरोड्याच्या तयारीत' म्हणून गुन्हा नोंदवता येतो. मी वाचलेल्या अशा फिर्यादींत कोयता, दोरी आणि मिरचीची पूड पुन्हा पुन्हा सापडते. ऊसतोड्याच्या गाठोड्यात कोयता असणारच. म्हणून एकत्र जाऊ नका असं मी सांगणार नाही, आपल्या देशात रस्त्यानं पाच जणांनी चालायला कुणाची परवानगी लागत नाही. निघण्याआधी वहीत लिहा: कोण कोण, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचं नाव आणि नंबर, गाडीचा नंबर. मुकादमाकडून उचल घेतल्याचा कागद असेल तर त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये.

आणि तो नात्यातला पोरगा. तुम्ही ते लपवलं नाहीत, बरं केलंत. चोराला पकडणं हे पोलिसांचं कामच आहे, आणि ज्याच्या घरी चोरी होते त्याचं दुःखही खरं असतं. त्याच्यावर दोन केसेस आहेत तर त्या त्याच्यावर चालतील, त्यालाही वकील मिळेल. तुमच्या वस्तीनं त्याचा पत्ता लपवू नये आणि त्याच्या नावानं मारही खाऊ नये. एखाद्या गावच्या सावकारानं अपहार केला म्हणून त्याच्या जातीच्या अकरा घरांवर रात्री अडीच वाजता कुणी जात नाही. मग तुमच्याकडे का यावं, हे अधीक्षकांना भेटून, शांतपणे, सगळ्या घरांच्या सह्यांच्या निवेदनानं विचारा. सरपंच किंवा गावातला एखादा चांगला माणूस बरोबर आला तर घ्या. गावाशी संबंध ठेवणं जड जातं हे मला कळतं, पण पंच कुणाला करायचं, साक्षीदार कोण, हे सगळं शेवटी गावातूनच येतं.

ठाण्यातले सगळे सारखे नसतात. रात्री वस्तीवर जायला नकार दिलेले, 'ताई, त्या पोराला नाही मारलेलं, कागद बघा' म्हणून स्वतः फोन केलेले अधिकारी मी पाहिलेत. असा एखादा भेटला तर त्याचंही नाव वहीत लिहा.

वही आणली की पहिल्या पानावर अकरा घरांची यादी करा आणि तिला आजोबांच्या आधार कार्डाची प्रत टाचा, वयाच्या आकड्याखाली लाल रेघ मारून. पुढच्या वेळी गाडी आली तर त्यांना आत, खाटेवर बसू द्या. कुणी बाहेर बोलावलं तर ते पान दाखवा आणि सांगा, यांना काय विचारायचं ते इथंच विचारा. पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिहा. दागिन्यांच्या तक्रारीचा मसुदा वकिलाला जमला नाही तर मी करून पाठवते.